पाचव्या दिवसाचा कॅन

११ नोव्हेंबर

ही वही दवाखान्यातून मिळाली. पुढून रकाने छापलेले आहेत: तारीख, लघवी किती वेळा, रंग, शौच, ताप, तळहात, तळपाय. ते रोज भरायचे. काळजीचा रकाना त्यांनी छापलेला नाही, म्हणून मागच्या कोऱ्या पानांवर मी माझं लिहिणार आहे.

मी बंकट. वय सत्तर, कागदावर अडुसष्ट. सातवीपर्यंत शिकलो, मग बापानं मेंढरांमागं घातलं. गेल्या वर्षी उजव्या मांडीतली गाठ कापून काढली होती. दसऱ्याच्या सुमारास ती पुन्हा हाताला लागली. मी बोटं आडवी ठेवून मोजतो. आज चार बोटं भरली. कॅन्सर आहे हे मला माहीत आहे. घरात सगळे गाठ म्हणतात, म्हणून मीही गाठच म्हणतो.

शिवकन्या माझ्या लेकीची लेक. तिचे आईबाप दर साल ऊसतोडीला जायचे, त्यामुळे ती लहानपणापासून आमच्या घरी शिरूरकडं वाढली. शाळेत मी घातली, कॉलेजातही मीच. आता बीडच्या एका मोठ्या दवाखान्यात ती नव्या औषधांच्या कामावर आहे. रोग्यांचे कागद, बाटल्या, तारखा सगळं तिच्याकडं असतं. माझं नाव तिनंच घातलं.

काल घरी येऊन तिनं समजावलं. औषध जुनंच आहे, लाल रंगाचं. पण आता ते चरबीच्या बारीक गोळ्यांत भरलेलं असतं.

“किती बारीक?” मी विचारलं.

“एका केसाच्या जाडीत आठशे गोळ्या शेजारी शेजारी बसत्याल, आबा. रगतातून फिरत फिरत गाठीपाशी जात्यात आन् तिथं फुटत्यात.”

“आन् ज्या गाठीपाशी जात न्हाईत त्या? त्या बाहीर कशा निघायच्या?”

ती हसली. “लोकं इचारत्यात गाठ कवा जाईल. तुमी इचारताय गोळ्या कवा जातील.”

मला हसू आलं नाही. मेंढीला जंताचं औषध पाजलं की मी तिचं दूध आठ दिवस कुणाला देत नाही. पोटात घातलेलं बाहेर आलं की नाही हे लेंडी बघून समजतं. आठशे गोळ्या एका केसात बसणार असतील तर त्या बाहेर आलेल्या दिसणार कशा?

बारा पानांचा कागद होता. तिनं बाजेवर बसून वाचून दाखवला. दगडाबाई, माझी बायको, भाकरी थापता थापता ऐकत होती. प्रत्येक पानावर मी सही केली. शिवकन्या म्हणाली, “आबा, सही झकास हाय तुमची.”

१३ नोव्हेंबर, बीड

आज पहिला डोस झाला. बाटलीतलं औषध डाळिंबाच्या पाण्यासारखं. हातात सुई, दर थोड्या वेळानं रक्त. ते सगळं सहन होतं. शरम वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. सात दिवस लघवीचा एक थेंबही बाहेर जाता कामा नये. रोजचा एक कॅन, त्यावर शिवकन्येनं काळ्या पेनानं दिवसाचा आकडा टाकलेला. इथं आहे तोवर शौचसुद्धा डब्यात. ज्या पोरीचा शेंबूड मी पुसला तिच्या हातात मी हे द्यायचं.

शेजारच्या खाटेवर आसाराम आहे, परळीचा. औष्णिक केंद्रात राखेच्या कामावर होता. त्याला पोटात गाठ आहे आणि तरी तोंड बंद नसतं. म्हणाला, “आमच्याकडं डोंगराएवढी राख कुठं जाती ते बघायला कुणी येत न्हाई बे. आन् इथं आपलं मूत कुठं जातंय ते बघायला पाच माणसं!”

संध्याकाळी लघवी तांबडी झाली. मी घाबरून हाका मारल्या. नर्स म्हणाली, औषधाचाच रंग आहे, एक-दोन दिवसांत जाईल. जीव भांड्यात पडला. म्हणजे काहीतरी बाहेर पडतंय.

१६ नोव्हेंबर

घरी आलो. बरोबर चार कॅन, थर्माकोलचा पेटारा आणि बर्फ. शिवकन्येनं दहा वेळा बजावलं आहे. गरम पाण्यात हात घालायचा नाही. अनवाणी फिरायचं नाही, लांब चालायचं नाही, काठी घट्ट धरायची नाही. त्या गोळ्या म्हणे तळहाताच्या आणि तळपायाच्या कातडीत झिरपतात आणि तिथं आग होते. पन्नास वर्षं चालणं आणि काठी धरणं याशिवाय मी दुसरं काय केलं?

गाठ आज पावणेचार बोटं वाटली. कदाचित माझीच बोटं सुजली असतील.

१७ नोव्हेंबर

सकाळीच नाथाचा फोन आला. नाथा माझा मुलगा. कळप घेऊन गेवराईकडं निघालाय आणि सध्या आपल्याच शिवारात, रामेश्वर नावाच्या शेतकऱ्याच्या रानात मुक्काम आहे. एक मेंढी अडली होती, कोकराचे पुढचे पाय मागं वळलेले. नाथाचे हात जाड आहेत, त्याला ते जमत नाही. मोटारसायकल पाठवली. मी गेलो. जाताना कॅनची आठवणही झाली नाही.

कोकरू जिवंत निघालं. मादी आहे. तिथंच बसलो, जेवलो, दुपार झाली. तोवर तीन-चार वेळा बांधावर जाऊन आलो होतो.

घरी येऊन बघतो तर पाचव्या दिवसाच्या कॅनमध्ये तळ जेमतेम झाकलेला. शिवकन्या बोलणार. ती बोलली नाही तरी वरचे डॉक्टर तिला बोलणार.

मग विचार केला. रामेश्वरला आपण रानात शंभर मेंढ्या बसवायचं कबूल केलं होतं. आपल्या ऐंशीच होत्या, म्हणून नाथानं शेजारच्या कडूबाईच्या कळपातल्या वीस त्यात घातल्या. हे आमच्यात असंच चालतं. रानाला लेंडी आणि मूत मिळालं पाहिजे, कुठल्या मेंढीचं ते रान विचारत नाही. शब्द दिला तेवढं भरून द्यायचं. म्हणून दगडाबाईला म्हणालो, या कॅनमध्ये तू भर.

आधी ती ऐकतच राहिली. मग तोंडाला पदर लावून हसली. “अवो, आता माझंबी नाव लिवा म्हणावं दवाखान्यात.”

“एकच भाकर खातो आपण. एकाच हापशाचं पाणी. काय फरक पडतोय?”

“फरक न्हाई तर मग रामेश्वरच्या बैलाचं न्या की!”

पण दिलं भरून. तिला वेळ लागत नाही. दिवसातून पंधरा वेळा तांब्या तोंडाला लावते आणि तितक्याच वेळा उठते. कॅन गळ्यापर्यंत आला.

१८ नोव्हेंबर

कोकरू आईला लुचतंय का ते बघायला आजही गेलतो. सहाव्या दिवसाचा कॅनही तसाच भरला. एक कमी आणि एक जास्त दिसलं असतं तर त्यांना शंका आली असती.

२० नोव्हेंबर

कॅन पोहोचवले. शिवकन्येनं ते उचलून उजेडाला धरले. “बारा माणसांत सगळ्यात नीट कॅन तुमचे, आबा.” बाकीच्या मुलींना दाखवून म्हणाली, “बघा, शिकलेल्यांनी सांडून टाकलं, आन् आमचे आबा बघा.”

मी खाली बघितलं. पण तिचा चेहरा बघून बरंही वाटलं.

२८ नोव्हेंबर

तळहात लाल झालेत, मिरची कुटल्यासारखी आग होते. शिवकन्या घरी आली, मलम दिलं, बर्फाच्या पाण्यात हात धरून बसवलं. मी पुन्हा तेच विचारलं, गोळ्या गेल्या का?

आज तिनं नीट सांगितलं. मूत्रपिंडाची चाळणी फार बारीक असते, अख्खी गोळी तिच्यातून जात नाही. अंगात राखणदार पेशी असतात, त्या यकृतात, म्हणजे आपल्या काळजात, आणि तिल्लीत बसलेल्या असतात. परकं काही दिसलं की गिळतात. या गोळ्यांना वरून एक लेप दिलाय, म्हणून राखणदारांना त्या लवकर ओळखू येत नाहीत. पण शेवटी ओळखतातच. गोळी फोडतात. तिच्यातली चरबी अंगातल्या चरबीत मिसळते. औषधाचा थोडा भाग लघवीतून जातो, बाकीचा पित्तातून आतड्यात आणि शौचावाटे बाहेर.

मेंढी कापल्यावर काळीज आणि तिल्ली मी हजार वेळा हातात घेतली आहे. तिथं असे राखणदार बसलेले असतात हे माहीत नव्हतं. म्हणालो, “म्हंजे कुत्री आपलीच, आन् आपण आणलेल्या पाव्हण्याला फाडत्यात.”

“सगळ्या पाव्हण्यांना न्हाई फाडत. थोडे गाठीपतूर पोचत्यात.”

“किती?”

तिनं मलमाचं झाकण लावलं. म्हणाली, “तेच तर शोधायलेत, आबा.”

दगडाबाईच्या पायात काटा मोडला होता, ती जखम महिना झाला भरत नाही. शिवकन्येनं तीही बघितली आणि म्हणाली, आज्जी, शिरूरला दाखवून ये. दगडाबाई म्हणाली, आधी तुझ्या आबाचं होऊ दे.

६ डिसेंबर

दवाखान्यातून फोन आला, संस्कृती नावाची मुलगी बोलत होती. “बाबा, तुम्हाला शुगर आहे का?” नाही म्हणालो. तर म्हणे तुमच्या लघवीत साखर निघाली, पण रक्तात नाही, असं सहसा होत नाही, मॅडमना सांगते.

घ्या. आता हेही लागलं. औषधानंच केलं असणार. चहातली साखर बंद, गूळ बंद, भातही बंद. दगडाबाईला म्हणालो तू पी गोड चहा, तुला काय झालंय. तिनं माझ्या वाटणीची साखरही तिच्या कपात घातली.

११ डिसेंबर, बीड

आज दुसरा डोस होता. दिला नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, तुमचे आकडे जुळत नाहीत. चौथ्या दिवसापर्यंत लघवीत औषध उतरत होतं, पाचव्या-सहाव्या दिवशी जवळजवळ थांबलं, सातव्याला पुन्हा आलं. एक तर औषध अंगातच साचून राहतंय, नाहीतर बाटल्यांची अदलाबदल झाली आहे. तपासल्याशिवाय पुढचा डोस नाही.

अंगात साचतंय. कॅनचं मी सांगितलं नाही. गाठ तीन बोटांवर आली आहे, मी रोज मोजतो, आणि आता औषध बंद होणार.

बाहेर बाकावर आसाराम भेटला. त्याला म्हणालो, बरं व्हायला आलो आणि इथं अडकलो.

तो म्हणाला, “बरं व्हायला? बंकटराव, कागद वाचला न्हाई का? चौथ्या पानावर साफ लिवलंय की.”

“वाचला की. नातीनं वाचून दाखवला.”

“मग?” त्यानं पिशवीतून स्वतःचा कागद काढला. त्याच्या मुलानं तिथं लाल रेघ मारलेली होती. चष्मा लावून मी स्वतः वाचलं. हे औषध शरीरात कोठे जाते व कसे बाहेर पडते हे समजून घेणे हा या अभ्यासाचा हेतू आहे. या अभ्यासात सहभागी झाल्याने आपल्या आजारात फायदा होईलच असे नाही. खाली आणखी होतं, की आपण कधीही नकार देऊ शकता आणि दुसरे उपचार काय आहेत ते विचारू शकता.

हे मी कधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या पानावर रक्त किती घेणार ते होतं, ते आठवतं. त्यानंतर जाण्यायेण्याचं आणि जेवणाचं होतं. मधलं हे नव्हतं. पण चौथ्या पानावर माझी सही आहे. झकास सही.

१२ डिसेंबर

दोन शब्द शिकली की माणसं अशी होतात. परक्यानं फसवलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन शिव्या दिल्या असत्या. हिला कुठं जाऊन शिव्या देऊ, माझ्याच दारात? सापाची जात. दूध पाजून वाढवली आणि माझ्याच अंगावर शिकली. मी बरा होईन की नाही याच्याशी तिला काय करायचंय, तिला बारा माणसं भरायची होती. अकरा झाली असतील आणि बारावा म्हातारा घरातच बसलेला दिसला असेल.

सकाळपासून काही खाल्लं नाही. दगडाबाई म्हणते पोरीला विचार तरी. मी विचारणार नाही.

१५ डिसेंबर

शिवकन्या स्वतःच आली. डोळे सुजलेले. दारातच म्हणाली, “आबा, एक खरं सांगा. पाचव्या-सहाव्या दिवसाच्या कॅनला कुणी हात लावलता का? सांडलं, पाणी पडलं, काय बी?”

मी म्हणालो, “न्हाई.”

“आठवून सांगा. मॅडम म्हणत्यात बाटल्या माझ्याकडून बदलल्या. माझ्याकडं त्या दिशी चार जणांचे कॅन आलते. मी बदलल्या न्हाईत, आबा, मला पक्कं ठावं हाय.”

“मग नीट काम कराया पायजे. दुसऱ्याला वाचून दाखवताना बी नीट वाचाया पायजे.”

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं असावं. पण तिनं तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. दगडाबाई चुलीपाशी बसली होती. मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं मान खाली घातली.

जाता जाता शिवकन्या म्हणाली, चूक कार्यालयाची ठरली तर तुमचा डोस चालू राहील. रोग्याची ठरली तर रोग्याला काढतात.

ती गेल्यावर दगडाबाई म्हणाली, “पोरीला खोटं बोललात.”

“तिनं मला खरं सांगितलंय का?”

“तुमी दोघं लागा एकामेकाच्या नादाला. माझी मान कावून वाकवता?”

तिला काय कळतंय. मी हिशेबानं वागलो. तिनं जे केलं ते तिच्या पदरात पडलं आणि माझं औषध वाचलं.

१९ डिसेंबर, बीड

दुसरा डोस मिळाला. सुई लावायला संस्कृती होती. शिवकन्येला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय म्हणाली. मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल.

आसाराम आज गप्प होता. मी खोदून विचारलं तर म्हणाला, “माझा डोस कमी केला राव. कुणाच्या तरी अंगात औषध साचतंय म्हणे, म्हणून आम्हा सगळ्यांचंच कमी. माझी गाठ तर वाढायलीय.”

मी बाटलीतल्या लाल थेंबांकडं बघत पडून राहिलो. माझा कमी का केला नाही असं मी विचारलं नाही. माझे आकडे धरायचे नाहीत असं ठरलंय, असं संस्कृती मागाहून म्हणाली. माझ्यासाठी कार्यालय चुकलं होतं, आणि आसारामसाठी मात्र तेच आकडे वरपर्यंत जाऊन आले होते. हे कसं झालं ते मला कळत नाही. बहुतेक त्यांनाही कळत नसावं.

२४ डिसेंबर

तळहातांची साल निघते आहे. पुढचे रकाने मी भरतो. मागं लिहावंसं वाटत नाही.

२८ डिसेंबर, शिरूर

परवा दगडाबाईला उलट्या झाल्या. काल ती दिवसभर झोपून होती, हाक मारली तर डोळे उघडायची आणि काहीतरी दुसरंच बोलायची. मला “दादा” म्हणाली, तिच्या भावाला म्हणायची तसं. गावातल्या सुग्रीवच्या जीपमध्ये घालून शिरूरला आणली. बोटातून रक्त काढलं. पाचशेच्या वर साखर. पायाची जखम आतून सडली आहे.

इथला डॉक्टर तरुण आहे, पण बोलायला सरळ. म्हणाला, “बाबा, ही आजची साखर न्हाई. लई महिन्यांची हाय. तहान, सारखं लघवीला जाणं, जखम न भरणं, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई का? एकदा नुसती लघवी तपासली असती तरी कळलं असतं.”

मी म्हणालो, नाही, कधी तपासली नाही.

ओसरीत येऊन बसलो आणि मग ते डोक्यात शिरलं. तपासली होती. तपासून, साखर आहे म्हणून फोनही आला होता. तो फोन मी घेतला आणि माझी साखर बंद करून तिच्या कपात घालू दिली.

दुपारपर्यंत मी तिथंच बसलो. चार दिवसांत तिचा पाय ठेवायचा की बोटं काढायची ते ठरेल म्हणतात. ती शुद्धीवर आली आणि पहिलं विचारलं, तुम्ही जेवलात का.

रामेश्वरच्या रानात कडूबाईच्या मेंढ्या घातल्या म्हणून रानाचं काही बिघडत नाही. पण मेंढ्यांपैकी एखादी आजारी असती तर? कुणाच्या कळपातली ते कसं शोधलं असतं? पन्नास वर्षं मेंढरं राखली आणि हे डोक्यात आलं नाही.

३० डिसेंबर, बीड

नाथाला दवाखान्यात बसवून सकाळच्या एसटीनं आलो. डॉक्टर बाईंना भेटायचं म्हणालो. दोन तास बसवलं. मग आत गेलो आणि सगळं सांगितलं, कोकरू अडलं तिथपासून.

बाईंनी चिडावं असं मला वाटत होतं. त्या चिडल्या नाहीत. एकदा कपाळाला हात लावला. तारखा विचारल्या. मी ही वही उघडून सतरा आणि अठरा तारखेची पानं दाखवली. त्यांनी मोबाइलनं फोटो काढले. मग पुढची पानं चाळायला लागल्या, तेव्हा मी वही ओढून घेतली.

“बाबा, तुमच्या दोन कॅनमुळं आम्ही समजत होतो की काही लोकांच्या अंगातून हे औषध निघतच नाही. इतरांचे डोस कमी केले.”

“आसारामचा पुन्हा वाढवा,” मी म्हणालो.

“बघू. तुम्हाला मात्र अभ्यासात ठेवता येणार नाही. आणि हे औषध बाहेर मिळत नाही. जुनं लाल औषध देता येईल, पण तुमच्या वयाला ते हृदयावर जड जातं. आधी हृदयाची तपासणी करू.”

मी मान हलवली. गाठ अडीच बोटं आहे हे सांगावं असं वाटलं. पण माझ्या बोटांना आता इथं कोण विचारणार.

त्यांनी शिवकन्येला फोन करून बोलावलं. ती जवळच खोली करून राहते, दहा मिनिटांत आली आणि दाराशी उभी राहिली. बाई तिला म्हणाल्या, बाटल्या तू बदलल्या नव्हत्यास, मी तसं लिहून पाठवते. ती माझ्याकडं बघत होती. मी टेबलाकडं.

मग बाईंनी माझी फाइल पुढं घेतली. “आणखी एक विचारते, कारण आता सगळ्याच कागदांची तपासणी होईल. सही घेण्याआधी तुम्हाला पूर्ण कागद वाचून दाखवला होता ना? चौथं पानसुद्धा?”

आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. एकोणीस दिवस मी वाट बघत होतो की कुणी तरी विचारावं. रात्रंदिवस हेच उत्तर मी तोंडात घोळवलं होतं. शिवकन्येचा हात दाराच्या कडीवर होता.

“व्हय,” मी म्हणालो. “वाचला हुता. चौथं पान बी.”

बाईंनी लिहून घेतलं. मी सही केली.

स्टँडपर्यंत ती माझ्याबरोबर चालत आली. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, “आज्जीचं मला कावून कळवलं न्हाई?”

“कळवून काय झालं असतं?”

मग थांबली. “आबा, ते पान मी वाचलं असतं तर तुमी सही केली असती?”

“न्हाई.”

“म्हणूनच गाळलं. दुसरं काय बी नव्हतं इथं तुमच्यासाठी. मला वाटलं, झाला तर फायदाच हुईल. बाकीच्या अकरा जणांना पुरं वाचलंय मी, तुमची शपथ. फकस्त तुमच्यापाशी...” ती पुन्हा चालायला लागली. “आन् तुमी आत माझ्यासाठी खोटं बोललात.”

तिला तसं वाटतंय तर वाटू दे.

तिला वाचवायचं म्हणून मी हो म्हणालो नाही, हे इथं लिहून ठेवतो. दुसरं कुणी हे वाचणार नाही. बाईंनी विचारलं तेव्हा खरं बोलायला मी तोंड उघडलं होतं. पण मी वाढवलेल्या पोरीनं मला मेंढरासारखं जबडा धरून औषध पाजलं, हे परक्या बाईसमोर निघेना. आसारामच्या मुलानं बापासाठी लाल रेघ मारली होती. माझ्या कागदावर काहीच नव्हतं, आणि ते सांगायची मला लाज वाटली.

शिरूरची गाडी लागली. दगडाबाईसाठी तिनं मोसंब्यांची पिशवी दिली, ती मी घेतली. पायरी उंच होती. वर चढवायला तिनं हात पुढं केला.

मी दांडा धरून चढलो.